होडलच्या वाटेवर दादा हरवला तेव्हा

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्या कार्तिकात माझं त्याच्याशी सरळ भांडण चालू होतं. भांडणाचं कारण माझा दादा.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील अचानक गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यांच्या जागी दादा दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात कारकून लागला आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आई आणि मी त्याच्या जिवावर राहू लागलो. माझ्या शाळेच्या शर्टाला इस्त्री करून मगच तो ऑफिसची बस पकडायचा. आता तो गुरुग्रामला माझ्याकडे असतो. गेल्या वर्षापासून त्याला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग सोसायटीतला आपला टॉवर कुठला तेच. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दादानं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीत मला म्हणाला, "देवाचं नाव आठवतंय तोवर एकदा ब्रजची परिक्रमा करून घेऊ दे. पायी."

चौऱ्याऐंशी कोस! मथुरेकडून निघायचं, हरियाणा-राजस्थानच्या गावांतून फिरून पुन्हा तिथंच यायचं. महिन्याभराची चाल. मी रजा मागितली तेव्हा बॉस हसून म्हणाला, "अच्छा, यंदा मोक्षासाठी अप्लाय केलंय!" मी हसलो नाही. रोज किती किलोमीटर, मुक्काम कुठं, औषधं कधी, याचा तक्ता मी करून घेतला होता. दादानं दोन दिवसांत त्याचा चुराडा केला. दिसेल त्या गाईला नमस्कार, दिसेल त्या कुंडात अंघोळ, कुणी "राधे राधे" म्हटलं की थांबून त्याची घरची चौकशी. मी पुढं जाऊन थांबायचो, मागं वळून हाका मारायचो, परत जाऊन त्याला हाताला धरून आणायचो. तोंडानं नामस्मरण चालू होतं, पण मनात सगळा वैताग. हे काय पुण्य मिळतंय, असं रोज वाटायचं.

हरियाणातल्या होडलच्या अलीकडे एका सकाळी कडेलोट झाला. धर्मशाळेतून निघून तासभर झाला होता आणि दादा मध्येच खाली बसून आपली तुळशीची माळ शोधायला लागला. पिशवी दोनदा रिकामी केली. माळ त्याच्या गळ्यातच होती. मी ओरडलो, "पुरे झालं दादा! तुझ्यापायी मी कामधाम टाकून रानोमाळ फिरतोय. मला माझं आयुष्य आहे की नाही?" माझा फोन नंबर लिहिलेलं कार्ड मी त्याच्या गळ्यात अडकवलं होतं, ते काढून त्यानं माझ्या हातात ठेवलं. "मी काय सामान आहे, हरवायला?" एवढंच म्हणाला. मी रागानं भराभर पुढं निघालो. मागं वळून पाहिलं तेव्हा वाटेवर दादा नव्हता.

पहिली दहा मिनिटं मी चिडूनच शोधत होतो. नंतर मागच्या गावापर्यंत पळत गेलो, कुंडाच्या पायऱ्या उतरून पाहिल्या, गव्हाची पेरणी करणाऱ्यांना फोनमधला फोटो दाखवला. पोलिसांना फोन केला. बघतो म्हणाले. दोन तास गेले. आता हायवेकडे धावायचं की पुढच्या गावाकडे, ते कळेना.

तेवढ्यात वाटेवर एक म्हातारी बाई दिसली. ती दंडवत घालत परिक्रमा करत होती. जमिनीवर पालथी पडायची, हात पुढं करून तिथं एक खडा ठेवायची, उठून खड्यापाशी जायची आणि पुन्हा पालथी. कोपरं धुळीनं माखलेली. मी तिलाही फोटो दाखवला.

"मेरे आगे से तो नहीं निकले, लाला," ती म्हणाली. "पीछे ही होंगे."

"पीछे सब देख लिया, अम्मा!" मी जवळजवळ खेकसलो.

"तो रास्ते से उतर गए होंगे. उतरा हुआ रास्ते पर ही लौटेगा. तू भागेगा तो उन्हें मिलेगा कौन?" तिनं आपलं गाठोडं आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. "ले, यह पकड़. मेरे साथ चल."

का कोण जाणे, मी ऐकलं. कदाचित डोकं चालेनासं झालं होतं. ती एक दंडवत घालायची, मी गाठोडं घेऊन सहा फूट पुढं सरकायचो. पुढच्या तीन तासांत आम्ही जेमतेम एक शेत ओलांडलं असेल. सुरुवातीला प्रत्येक दंडवतागणिक माझा जीव वर-खाली होत होता. मग एका क्षणी मीही तिच्यामागे धुळीत आडवा झालो. कपाळ मातीला लागलं आणि रडू फुटलं. दादाला शोध, असं देवाला सांगायचंही बळ उरलं नव्हतं. "तुझा आहे तो, तूच बघ," एवढंच आतून निघालं.

उठलो तर बांधावरून दोन माणसं येत होती. एक पगडीवाला शेतकरी आणि त्याचं बोट धरलेला दादा.

शेतकऱ्यानं सांगितलं की दादा त्याच्या विहिरीवर जाऊन बसला होता. नाव-गाव सांगता येईना. "छोटा भाई आगे है, नाराज़ है," एवढंच म्हणत होता. शेतकरी त्याला ट्रॅक्टरवर घालून हायवेवरच्या चौकीत नेणार होता, पण ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. म्हणून तो त्याला परिक्रमेच्या वाटेवर चालतच घेऊन आला, आणि वाटेला लागला तो नेमका आमच्यापाशी.

दादानं माझ्या कपाळावरची माती पुसली आणि विचारलं, "जेवलास का रे?"

मी त्याचे पाय धरले. त्या अम्माच्या पाया पडायला वळलो तर ती पुढच्या दंडवतात आडवी झाली होती. तिनं मान वर न करता हातानंच निघा म्हणून खुणावलं.

हा चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही. ट्रॅक्टर बंद पडतातच. पण त्या दिवशी मी जिथं धावणार होतो तिथं दादा नव्हता, आणि जिथं मला थांबवलं गेलं तिथं तो आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परिक्रमा पूर्ण व्हायला आम्हाला अकरा दिवस जास्त लागले. तक्ता मी पिशवीतून काढून टाकला. दादा थांबला की मीही थांबायचो. वैताग संपला असं खोटं सांगणार नाही, आजही होतो. तेव्हा मी मनातल्या मनात तो देवाच्या पायाशी ठेवतो. ज्यानं त्या दुपारी माझा भाऊ मला परत दिला, त्याच्यापुढं याहून वेगळं काय ठेवणार?

आता दादा कधी कधी मला आमच्या वडिलांच्या नावानं हाक मारतो. मी ओ देतो.