परिच्छेद पूर्ण होईपर्यंत

तळवड्याच्या बबनरावांच्या घरात कुठल्याही फॉर्मवर ‘हो’ लिहायची पद्धत नव्हती. त्यांच्या वडिलांनी, धोंडीबांनी, जमीन संपादनाच्या वेळी ‘संमती आहे का’ या रकान्यात ‘हो’ लिहिलं होतं. नोटीस मिळाली का, एवढंच विचारताहेत असा त्यांचा समज झाला होता. ओढ्याकडची अर्धी जमीन कारखान्यांखाली गेली. तेव्हापासून बोजा आहे का? नाही. वाद आहे का? नाही. घरात कुणाला मधुमेह? बबनरावांच्या स्वतःच्या गोळ्या चालू असतानाही, नाही.

त्यांच्या मुलीचा, वर्षालीचा, बी.कॉम.चा अर्ज त्यांनी याच शिस्तीत भरून घेतला. दिव्यांग आहे का? नाही.

वर्षालीला वाचायला त्रास होतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुटं अक्षर तिला ओळखू यायचं, पण अक्षरं ओळीत उभी राहिली की एकमेकांना ढकलायची. चौथीतल्या बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून वाचायला लावलं आणि ‘ढ’ ठरवलं. आठवीतल्या बाईंनी सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे तपासण्या होऊन अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला. बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला आणि पोरीने एकसष्ट टक्के काढले.

डोक्याने ती कुठे कमी नव्हती. बबनरावांच्या बावीस खोल्यांत चाकणच्या कंपन्यांतले कामगार भाड्याने राहायचे. कोण पहिल्या शिफ्टला, कोण तिसऱ्या, या आठवड्यात कुणाची पाळी बदलली, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. पाण्याची मोटार ती त्यावरून चालू करायची, आणि रात्रपाळी करून झोपलेल्याचं दार तिने कधी कुणाला वाजवू दिलं नाही.

निगडीच्या महाविद्यालयाची खुली यादी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांना थांबली. दिव्यांगांच्या राखीव जागा मात्र रिकाम्या होत्या. वर्षालीने अर्जाची प्रत मोबाइलवर घेतली आणि मोबाइलकडूनच मोठ्याने वाचून घेतली. एका ठिकाणी थांबवून तिने तेवढंच पुन्हा ऐकलं.

“आबा, इथं ‘नाही’ कुणी लिहायला लावलं?”

“म्या. ‘हो’ लिहिलं की जातं, पोरी. आन् उद्या सोयरिकीच्या येळेला कुणी हा कागद म्होरं केला तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. आज ‘नाही’ लिहून कॉलेज चाललंय माझं. उद्या चारपर्यंत दुरुस्ती करता येते. पालकाची सही लागते. येताय, का मी त्यांच्या दारात बसून राहू?”

बबनराव आले. पण खिडकीपासून चार हात लांब, आपण दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखे उभे राहिले.

खिडकीत प्रवेश विभागाचे सुरेंद्र सर होते. माणूस वाईट नव्हता, पण आठवड्यात दोन खोटे दाखले हाती लागल्यापासून ते खरा दाखलाही उजेडात धरून बघत.

“बोलतेस तर फाडफाड. दिसायलाही धडधाकट. तुला काय झालंय?”

“दाखल्यात लिहिलंय, सर.”

“दाखले हल्ली पायलीचे पन्नास मिळतात.” त्यांनी प्रवेशपुस्तिका उघडून तिच्यापुढे सरकवली. “हा बघ दिव्यांगांचा नियम. वाच मोठ्याने. कुठे अडतंय ते कळू दे आम्हालाही.”

घड्याळात तीन पंचवीस झाले होते. मागे पंधराएक जणांची रांग होती. वर्षालीचे कान तापले. चौथीत ती रडली होती. या वेळी तिने दाखल्याची प्लॅस्टिकची पिशवी ओळीखाली आडवी धरली.

“वाचते. पण सुरू केलं की शेवटपर्यंत वाचणार. मधे खिडकी लावायची नाही.”

“म... हा... महा... महाविद्या... महाविद्यालय...”

एक ओळ झाली. रांगेतला एक मुलगा खुदकन हसला. दुसऱ्या ओळीला दोनदा मागे जावं लागलं. तिसऱ्या ओळीपर्यंत हसणारा गप्प झाला होता. तिच्या कपाळावर घाम आला, पण आवाज खाली आला नाही.

“बरं, बरं. पुरे,” सुरेंद्र सर म्हणाले. “कळलं.”

“नाही सर. परिच्छेद राहिलाय.”

“अहो ताई, चार वाजतील इथंच!” मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा बबनराव चार हातांवरून पुढे आले. “कुनाला घाई हाय रं? माझी पोरगी वाचतीया. संपू दे तिचं.”

वर्षालीने मान वर केली नाही. शेवटची ओळ तिला सगळ्यांत जड गेली. “अशा... विद्यार्थ्याकडून... दाखल्या... व्यतिरिक्त... कोणताही... पुरावा किंवा... चाचणी... मागू... नये.”

सुरेंद्र सरांनी पुस्तिका आपल्याकडे फिरवली, चष्मा सारखा केला आणि ती ओळ स्वतः वाचली. इतकी वर्षं त्यांनी ही पुस्तिका वाटली होती. या पानाच्या तळापर्यंत ते कधी गेले नसावेत.

“दुरुस्तीचा फॉर्म भर,” ते हळूच म्हणाले. “पालकांची सही घे.”

बबनरावांनी पेन धरलं. ‘हो’च्या चौकटीवर हात थांबला. “ह्या अक्षरानं अर्धं रान खाल्लंय आमचं.”

“त्या वेळी आज्यांना कुणी कागद वाचून दाखवला नव्हता, आबा. हा मी तुमच्यादेखत वाचलाय. करा खूण.”

त्यांनी खूण केली आणि इतका जोर लावून सही केली की खालच्या कागदावर उमटली. भिंतीवरच्या घड्याळात चारला आठ मिनिटं होती.

सुरेंद्र सरांनी शिक्का मारला. “प्रवेश झाला समज. लेखनिक मात्र परीक्षेला तुझा तू आणायचा. इथली पद्धत आहे तशी.”

वर्षालीने पुस्तिका पुन्हा स्वतःकडे ओढली आणि प्लॅस्टिकची पिशवी तिसऱ्या ओळीखाली लावली.

“लेखनिक महाविद्यालय देईल, असं आहे इथं. परत वाचू का?”

“नको गं बाई!” रांगेतून तीन-चार आवाज एकदम आले, आणि सगळे हसले.

सुरेंद्र सर हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि ‘लेखनिक हवा का’ या रकान्यात स्वतःच्या अक्षरात ‘हो’ लिहिलं.

“जादा वेळ पण,” वर्षाली म्हणाली. “तोही लिहा.”