शौकतचा टेप

ज्याच्या अंगाला शौकतचा टेप लागला ते म्हातारं पुढचा आखाड बघत नाही, अशी एक कुजबुज मोहरवाडीत मध्यंतरी फार जोरात होती. पुरावाही तयार होता. भिवाअण्णाला शौकतनं गुरुवारी मोरीत उभं करून माप घेतलं आणि सोमवारी अण्णा तिरडीवर! जित्या माणसाचं माप घ्यायचं नसतं, ते तिरडीसाठी घेतात, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा बाबा खिशात टेप घालून घरोघर म्हातारी माणसं हुडकत हिंडणार.

"कबरी खणायचं कंत्राट घेतलंय त्यानं," रंभानं नळावर हात नाचवत सांगितलं. रंभा म्हणजे वाडीचा बिनविजेचा भोंगा. आपल्या म्हाताऱ्यांना जाळतात, त्यांना कबर कशाला लागेल, एवढा विचार नळावर कोण करतो!

शौकतचं दुकान चाकणच्या रस्त्याला. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, असली कामं. माणूस काटकुळा आणि पायाला भिंगरी. बसला तरी एक गुडघा हलतच असायचा. बायको रुक्साना म्हणायची, "चाय तो बैठको पिओ जी. कप थक गया तुमारा."

आधी तो असा नव्हता. त्याची अम्मी कमरुन्निसा मोरीत घसरली, खुबा मोडला, खाटेला खिळली आणि पावसाळा सरायच्या आत गेली. ती पडली तेव्हा शौकत कुणाच्या तरी बंगल्याच्या जिन्याला नक्षीचं रेलिंग ठोकत होता. लोकाच्या जिन्याला मोर आणि आपल्या मोरीत धरायला दांडी नाही, हे त्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. कुणाच्या घरी ओली फरशी दिसली की याच्या तळपायाला मुंग्या. पंगतीला बोलावलं तरी हा आधी मोरी बघून यायचा. यजमानीण बिचारी ओशाळायची.

वाडीत तशा मोऱ्यांना तोटा नव्हता. जमिनी कंपन्यांत गेल्या, पोरं पिंपरी-चिंचवडला फ्लॅटात गेली, आणि मागं राहिली ती भिंतीला धरून चालणारी माणसं. गुरुवारी एमआयडीसीची लाईट जायची, दुकान थंड पडायचं. तेवढ्यात शौकत उरलेल्या पाइपाचे हातभर तुकडे घेऊन फेरी मारायचा. म्हाताऱ्याला उभं करायचं, हात सैल सोडायला लावायचं आणि मनगट जमिनीपासून किती वर येतं ते टेपानं बघायचं. दांडी खाली बसली तर माणूस वाकतो, वर बसली तर खांदा धरतो. एवढंच काय ते त्याचं माप.

पण अफवेनंतर सगळं फिसकटलं. त्याची मोटारसायकल वाजली की ओट्यावरची म्हातारी गपकन आत. एका आजोबांनी तर घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि आतूनच ओरडले, "मी घरी न्हाई!"

त्यातच हरिहरचा फोन आला. हरिहर म्हणजे गोजाबाईचा मुलगा. शाळेत शौकतच्या बाकावर बसायचा, आता रहाटणीला सातव्या मजल्यावर राहतो.

"शौक्या, खरं सांग. आई पडते का रे?"

"का?"

"आवाज बारीक येतो तिचा फोनवर. पडली असेल तर मी रविवारी गाडी घेऊन येतो आणि उचलून नेतो. मग तिनं काही म्हणू दे."

"बघून सांगतो," शौकत म्हणाला, आणि त्याचे दोन्ही गुडघे हलायला लागले.

गोजाबाई आणि त्याची अम्मी चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जोडीनं जायच्या. एका भाकरीचे दोन तुकडे करून खाणाऱ्या. त्या गोजामावशीला सातव्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे काय, हे शौकतला सांगावं लागत नव्हतं. एकदा ती तिथं राहून आली होती. आल्यावर म्हणाली होती, "समद्या गावाची टाळकी वरून दिसत्यात बाबा, पर एक बी वळखीचं न्हाई."

गुरुवारी तो तिच्या दारात गेला. म्हातारी पायरीवर लसूण सोलत होती. कोपराला हिरवानिळा डाग.

"मावशी, हे काय झालं?"

"म्हशीनं ढुशी दिली."

"म्हैस तर गेल्या दिवाळीत विकली."

"मग तवाची आसंल ढुशी."

"मावशी, एकदा उभी राहा. मनगटाचं माप घेतो, दांडी बसवतो."

गोजाबाईनं सोललेल्या लसणासकट मूठ त्याच्यावर उगारली. "तुज्या मापाचं ऐकलंय मी! भिवाला धाडलास, आता मला धाडतूस व्हय? पाय ठिऊ नगंस मोरीत. कमरू आसती तर तिनं कानफाटात दिली आसती तुज्या."

शौकत परत फिरला. घरी जेवण जाईना. मोरीत बसवलेल्या आपल्याच दांडीला धरून उभा राहिला. रुक्साना बाहेरून म्हणाली, "अब अपनीच मोरी नापते क्या?" त्याला मनात एकच दिसत होतं: रविवार, पांढरी गाडी, मागच्या सीटवर गाठोडं धरून बसलेली मावशी. नाहीतर त्याहून वाईट, रविवारच्या आधीच एखादी सकाळ.

शनिवारी तो परत गेला. टेप मुद्दाम दुकानात ठेवला, दोन्ही खिसे उलटे करून तिला दाखवले.

"कडी ढिली झालीय तुझ्या दाराची. तेवढी बसवतो."

"बसव. पर भायेर."

कडी तर मुळात ढिली नव्हतीच. शौकत दारातून आत डोकावला आणि थबकला. निळ्या भिंतीवर एक काळपट, तेलकट पट्टा होता. खाटेपासून निघालेला, देवळीखालून गेलेला, सगळा एका उंचीला. मावशी गुडघ्याला तेल चोळायची आणि त्याच हातानं भिंत धरत चालायची. मोरीच्या तोंडापर्यंत पट्टा पोचला होता. तिथं पाण्याचं पिंप, पुढं ओली पायरी, आणि भिंत कोरी. पिंपाला पोचे पडलेले. कुणीतरी त्यावर आदळलं होतं, आणि एकदाच नाही.

माप भिंतीवरच होतं. म्हातारीच्या अंगाला हात लावायची गरज नव्हती.

गाडीवरचा पाइप घेऊन तो आत शिरला आणि मोरीच्या भिंतीला ड्रिल लावलं. दारातल्या पायरीवरून आवाज आला, "कडीला येवढा दणका?"

"जुनं लाकूड आहे, मावशी."

"भितीचा भुसा पडतुया की रं."

शौकतनं ड्रिल आणखी दाबलं. मग तिनंच सांगितलं, "मी हितंच बसलिया. मला काय दिसत न्हाई."

पट्टा जिथं संपत होता तिथून दांडी सुरू झाली आणि ओल्या पायरीच्या पार गेली.

रविवारी हरिहर आला. शौकत हातोडी राहिली म्हणून आधीच येऊन घुटमळत होता. दांडीवर मावशीनं टॉवेल वाळत घातला होता, जशी काही दांडी त्यासाठीच जन्माला आली.

हरिहरनं टॉवेल उचलला. "आई, हे काय?"

"टावेल."

तो शौकतकडे वळला. "पडली होती ना?"

मावशीनं शौकतकडे असं बघितलं, की त्याला कमरुन्निसाच दिसली. पण खोटं बोलून पाय घसरायचा थांबत नाही.

"पडली होती," शौकत म्हणाला. "पिंपापाशी. दांडी तिथंच आहे. लटकून बघ."

हरिहर ऑफिसात बसून बसून चांगला भरला होता. त्यानं दोन्ही हातांनी दांडी धरली, पाय उचलले आणि लोंबकळला. दांडी हलली नाही. मावशीच्या तोंडून हसू फुटलं. "आरं उतर! कापडावाणी वाळत घातलंय का तुला!"

हरिहर उतरला. पिंपाच्या पोच्यांवरून हात फिरवला. "संडासाच्या वाटेवर?" त्यानं विचारलं.

"उद्या बसवतो."

"मी पुढच्या रविवारी येतो. तोपर्यंत आई इथंच राहू दे." आणि आईला म्हणाला, "पण पडलीस तर सांगायचं. म्हशीवर ढकलायचं नाही."

गाडी रिकामी गेली. शौकत ओट्यावर टेकला, पण लगेच उठला. उंबरा उंच वाटत होता, अंगणातला दिवा मिणमिणता होता, आणि पलीकडच्या घरातल्या आजोबांच्या डोक्यावर अजून घोंगडी होती.

राहिली ती अफवा. भिवाअण्णाची किडनी वर्षभरापासून निकामी होती आणि माप घेतलं तेव्हाच डॉक्टरांनी आशा सोडली होती. टेपाची गोष्ट गोजाबाईनं स्वतः रंभाच्या कानात घातली होती. मोरीत दांडी बसली तर आपण पडतो हे हरिहरला कळेल आणि तो आपल्याला घेऊन जाईल, म्हणून शौकतला दारापासून लांब ठेवायला तिनं ती रचली होती.