धनपाल सरांचा पहिला प्रश्न

कोल्हापुरात राहून, आयुष्यात एकदाही विमानात न बसता, एखादा माणूस अमेरिकेतल्या चार शहरांवर अठरा वर्षं प्रबंध लिहीत बसेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण त्या प्रबंधाचं पान न् पान मी टाइप केलंय. राजारामपुरीत माझं टायपिंग-बायंडिंगचं दुकान आहे. धनपाल सर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते.

विषय होता अमेरिकेतल्या शहराशहरांतल्या कृष्णवर्णीय संस्कृतीचं वेगळेपण. मी आपलं सहज म्हटलं, "सर, ती माणसं सगळीकडं सारखीच की. त्यात शहराशहराचं काय काढलासा?"

सर भडकलेच. "जोतीराम, शिरोळचा माणूस आन् कागलचा माणूस तुला सारखा वाटतोय व्हय?"

"न्हाय बा."

"मग?"

पुढं अर्धा तास मला गिऱ्हाईक बघू दिलं नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये मयतीला बँड असतो आणि परतताना लोक रस्त्यात नाचतात. शिकागोत जोडीनं, पावलं घसरवत नाचायची रीत, तर डेट्रॉइटवाले ओळीत उभं राहून नाचतात. वॉशिंग्टनचा ढोलाचा ठेका वॉशिंग्टनच्या बाहेर कुणाला धड जमत नाही. कोण कुठल्या राज्यातून, कुठल्या रेल्वेनं आलं आणि कुठल्या कारखान्यात लागलं, त्यावर हे सगळं ठरलं म्हणे. शिकागोत तळलेल्या कोंबडीवर जो लाल सॉस ओततात, त्याच्यावर सरांनी पाच पानं लिहिली. सर शिरोळचे जैन, लसूणसुद्धा न खाणारे! टाइप करताना मी हसून हसून बेजार.

सर कॉलेजात तासिकेवर शिकवायचे. पीएच.डी. झाली तर कायम होतील, अशी अठरा वर्षं आशा होती. शेवटी गाईडनी निर्वाणीचं सांगितलं, शिकागोच्या माणसांच्या प्रत्यक्ष मुलाखती आणा, त्यांच्या संमतीच्या सह्या आणा, नाहीतर जूनअखेर नोंदणी रद्द.

मार्ग काढला तो लोरेटाबाईंनी. या शिकागोच्या सिटी बसच्या निवृत्त ड्रायव्हर. सरांनी त्यांच्या चर्चला ईमेल धाडला होता, तिथून ओळख झाली आणि दोन वर्षं पत्रापत्री चालली. बाईंनी चर्चच्या हॉलमध्ये नऊ म्हातारी माणसं गोळा केली. व्हिडिओ कॉल ठरला, त्यांची शनिवारची सकाळ, आपली संध्याकाळ. माझ्या दुकानातलं नेट बरं, म्हणून सर इस्त्रीचा शर्ट घालून इथंच येऊन बसले.

प्रश्नावलीही मीच टाइप केली होती. सरांच्या थोरल्या बहिणीची, शिरोळच्या अक्काताईंची एक पद्धत होती. दारात आलेल्या पावण्याला पाणी द्यायच्या आत त्या तीन गोष्टी विचारायच्या. मूळ गाव कुठलं? आडनाव कुठनं पडलं? मामा कुठले? एवढ्यात त्यांना अख्खा माणूस कळायचा. सर अभिमानानं म्हणायचे, "ह्याच्यापेक्षा मोठं समाजशास्त्र न्हाय." त्यांनी तेच तीन प्रश्न प्रश्नावलीत सगळ्यांत वर घातले. मी डोळे झाकून टाइप केले. आमच्याकडं लग्नाच्या बायोडेटापासून सगळ्या कागदांवर हेच असतं, त्यात काय विचारायचं राहिलं!

पडद्यावर पहिले आले एलायजा नावाचे शहाऐंशी वर्षांचे आजोबा. डोक्यावर हॅट, गळ्यात टाय. सरांनी इंग्रजीत विचारलं, "आपलं मूळ गाव?"

"शिकागो."

"त्याच्या आधी?"

"मिसिसिपी. ग्रीनवुड."

"त्याच्या आधी?"

आजोबांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. सरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं आणि वर म्हणाले, "नाहीतर आडनावावरनं कळतं की! आडनाव कुठल्या गावावरनं पडलंय?"

"ज्या माणसानं आम्हाला विकत घेतलं," आजोबा म्हणाले, "हे त्याचं आडनाव आहे."

सरांचा चेहरा मी शेजारून बघत होतो. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या प्रकरणात गुलामांच्या आडनावांवर बावीस पानं आहेत, मी स्वतः टाइप केलीत. पण तोंड शिरोळचं ते शिरोळचंच. गडबडीत, धीर द्यायला म्हणून ते बोलून गेले, "शोधा, शोधलं की सापडतं. मूळ गाव न्हाय असा माणूस नसतोय."

मग लोरेटाबाईंचा हात पुढं आला आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ईमेल आला. आमचं बोलणं वापरू नका, सह्या मिळणार नाहीत. त्यांनी दोन वर्षांत लिहिलेली सगळी पत्रंही परत मागितली होती. सरांनी माफीची चार पत्रं धाडली. उत्तर नाही.

मी म्हटलं, "सर, त्यांचं बोलणं घाला की तसंच. हितं कोण बघाय बसलंय?"

"त्यांनी न्हाय म्हटलंय, जोतीराम."

मला रागच आला. अठरा वर्षं माझी बोटं झिजली होती. मी नको नको ते बोललो. जून सरला, नोंदणी रद्द झाली. कॉलेजनं त्यांच्या तासांवर आदिती नावाची मुलगी घेतली. त्यांचीच विद्यार्थिनी, पीएच.डी. झालेली. ती पाया पडायला आली तेव्हा सरांनी तिला आपली नोट्सची वही दिली. आता ते एका क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेचं इंग्रजी शिकवतात.

डिसेंबरात लोरेटाबाईंचं पत्र आलं. सर ते घेऊन दुकानात आले आणि मला मराठीत सांगू लागले. एलायजा आजोबा गेले. सरांवर रागावले नव्हते म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी आपल्या मुलीला स्वस्थ बसू दिलं नाही. मिसिसिपीच्या कचेरीत पत्रं, जुन्या याद्या, दोनदा प्रवास. सांगत होते, भारतातला तो प्रोफेसर म्हणालाय, शोधलं की सापडतं. शेवटी मालकाच्या गुलामांच्या एका जुन्या यादीत पणजोबा असावेत अशी एक ओळ सापडली. नाव नव्हतं, गाव नव्हतं. मुलगा, वय नऊ, एवढंच. आजोबांनी तो कागद चार दिवस जवळ ठेवला, आणि मग जेवणच सोडलं. त्यातच गेले.

पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं की हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून कळवलं.

सर म्हणाले, "त्यास्नी मी सांगितलं, जोतीराम. सापडतंय म्हणून मी सांगितलं."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या दुकानात रडले. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी नंतर या म्हटलं.