परातीतल्या पान्यावरचा हात

काचेवरून तसवीर सुटली अन् परातीतल्या पान्यावर तरंगाले लागली. आधी मले वाटलं सायच व्हय, दूध सांडलं का काय. मंग पाह्यलं तं त्या सायीत लेकराचं डोकं व्हतं, अन् लेकराच्या पोटाले धरलेला एक हात, बांगड्यासकट. काच खाली बुडाशी कोरी पडेल अन् सगळं वर हलून राह्यलेलं. पोरगी कडेवर, ते पान्यात हात घालाले वाकून राह्यली.

म्या वाईटासाठी नव्हतं केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातले एक सर मामाजीच्या काचा पाहाले येनार व्हते. मामाजी म्हनजे माहे सासरे. त्याइच्या बापानं मेहकरात लय आधी, मानसाइले फोटो म्हनजे काय हेच माहीत नव्हतं तवा, काचेवर फोटो काढले. त्या काचा पेटीत कागदात गुंडाळेल. वरच्याच काचेवर बुरशीचे ठिपके दिसले, म्हनलं धुतलं तं सरले चांगलं दिसन. नर्सबाईनं पोरीच्या दुधाच्या बाटलीचं सांगतलं व्हतं, कढत पानी अन् चिमूटभर सोडा. काच ते काच. मी सातवी शिकेल, काचेवर मानूस कशानं चिकटते हे मले काय मालूम. मामाजी दाढी कराले गेलते, आता येतीन का मंग येतीन.

अन् ते लेकरू म्हनजे मामाजीच व्हते.

आजेसासऱ्याले म्या पाह्यलं नाई, पन मामाजी त्याइचं एवढं सांगत का मले ते सपनात चालल्यावानी दिसत. बैलगाडीत क्यामेरा घोंगडीत बांधेल, धामणगाव बढेच्या बाजारात जात, पार तिकडे संग्रामपूरलोग जात. झाडाले पडदा बांधत, पडद्यावर तळं, तळ्यात हंस. उन्हात धूळ उडे अन् तळं हाले. कोट एकच व्हता, काळा, पाठीमांगून उभा फाडेल, म्हनजे जाड्या मानसाले बी होये अन् बारक्याले बी, मांगून नाड्या बांधाच्या. आर्ध्या तालुक्याचे आजे त्या एका कोटात बसेल हायत. डोकं हालू नाई म्हनून मांगून लोखंडाचा चिमटा. एका बुढ्यानं इचारलं म्हने, "श्वास घेऊ का बे?" तं आजेसासरे म्हनले, "घ्या ना बाप्पा, फक्त फोटोत दिसू देऊ नका."

मंग घरी येऊन खिडकीपाशी बसत अन् बारीक पेन्सिलीनं काचेवरच मानसाच्या तोंडावरचे देवीचे वन भरत. मामाजी म्हनते, बापानं लय मानसाइले गोरंगोमटं करून देल्लं, घरच्याइले बी वळखू येत नव्हते. पुढं रंगीत फोटो आले, मंग ते नुसते शाळेच्या फारमाले लागनारे बारके फोटो काढत बसले. पडद्यावरचं तळं पोळ्याले बैलाच्या पाठीवर झूल म्हनून गेलं. हंस बैलाच्या पोटावर लोंबत व्हते म्हने.

पन लेकराचा फोटो लय कठीन. लेकरू हाललं का काच वाया. म्हनून ते मायवर फुलाफुलाची चादर टाकत अन् तिच्या मांडीवर लेकरू बसवत. फोटोत माय खुर्चीवानी दिसे. किती बाया अशा खुर्च्या होऊन गेल्या. स्वतःच्या बायकोले बी त्याइनं तसंच बसवलं. ते बाई फोटोले भ्ये, उमर कमी होते म्हने, चादरीखाली तयार झाली. पन लेकरू घसरलं अन् तिनं चादरीतून हात काढून धरलं. मामाजी रांगाच्या आधी ते वारली. तिचा दुसरा फोटो नाई. मामाजीची माय म्हनजे तेवढा हात.

अन् तो म्या सोड्यात टाकला.

पोरीले झोक्यात टाकलं. पुरनाचा मांडा कसा हातावर झेलते, तशी तेच काच त्या सायीखाली घातली अन् श्वास धरून वर घेतली. बसली काचेवर. पन कढत पान्यानं पसरली व्हती. लेकराच्या तोंडावर एक चुनी पडली अन् हात मोठा झाला, बोटं लांब लांब. सावलीत वाळवली. माहं आंग वाळेना.

मामाजी आले, गालाले तुरटीचा वास. रोज पाहत तशी काच दाराच्या उजेडात धरली. एका डोळ्याले मोतीबिंदू हाय त्याइच्या. लय येळ पाह्यलं.

"सूनबाई."

"जी."

"मायचा हात आज मोठा दिसून राह्यला."

म्या झोक्याची दोरी वढली.

"लेकराले असाच दिसत असन," म्हनले, अन् काचेवर आपला पंजा ठेवला. आधी ते फक्त पाहत, पंजा कधी ठेवत नव्हते. आता बोटाले बोट बरोबर लागे.

दुसऱ्या दिवशी सर आले. काच पाह्यली, जवळ नेली, तिरपी केली. "ही कधी पाण्यात भिजली होती का?"

"माह्या बापाच्या काचेले कोनी पानी नाई लावलं," मामाजी ताठ होऊन म्हनले, अन् माह्याकडे वळले. "खरं का नाई, सूनबाई?"

सर माह्याकडे पाहत व्हते. पोरगी माह्या पदराशी झोंबून राह्यली व्हती.

"हाव," म्हनलं म्या.

तवापासून मामाजी रोज सकाळी दारात बसते अन् त्या हातावर हात ठेवते, अन् मी चहा घेऊन मांगं उभी राह्यते, सांगाले तोंड उघडते अन् मिटते. आता तुम्हीच सांगा, माह्या जागी तुम्ही असत्या तं काय म्हनल्या असत्या?