तिजानीच्या दाबयंत्राची थरथर

महदियाजवळच्या जैतुनाच्या गिरणीत तिजानी बिन सालेम तरुणपणापासून दाबयंत्र चालवीत असे. जैतुनांचा लगदा चटयांवर पसरावा, चटया एकावर एक रचाव्यात आणि यंत्राने खालून रेटून दाबाव्यात, की तेल पाझरू लागे. त्या यंत्राविषयी तो इतक्या जिव्हाळ्याने बोले की त्याची पत्नी मबरूका म्हणे, "त्यालाच जेवायला बोलवा, मी माहेरी जाते."

यंदा मालक बशीर यांनी यंत्रास विजेची नवी मोटर बसविली आणि त्याला जणू हीव भरले. दाबाचा काटा उसळे आणि पडे. एकदा तर चटयांची चळतच कोसळली.

"भंगारवाला लझर दुपारी येतोय," बशीर म्हणाले. "तोवर थांबली थरथर तर ठीक. नाहीतर हे जाईल आणि तू पोती तोलत बस."

तिजानीने कोसळलेल्या चटया पुन्हा रचायला घेतल्या.

सफाक्सहून बोलाविलेल्या नजला या मेकॅनिक तरुणीने, ज्या तेलाच्या दाबाने यंत्र रेटा देई, त्याची टाकी उघडली.

"काका, एवढा फेस? यात कपडे धुता का?" तिने बोट बुडवून हुंगले. "जैतुनाचं तेल कोणी ओतलं?"

"मी," तिजानी ताठ मानेने म्हणाला. "हंगामाचं पहिलं तेल. सगळे चाखतात, मग यानं काय घोडं मारलंय? माझे वडीलही चमचाभर ओतायचे."

"हे चमचाभर आहे?"

"यंदा त्याची तब्येत बरी नव्हती ना. आणखी पाजलं."

"किती?"

"गुण येईपर्यंत."

नजलाने हसू आवरले. "काका, फेस म्हणजे हवा, आणि हवा दबते. मग मोटरला वाटतं दाब कमी पडला, ती जोर लावते. तोवर दाब जास्त होतो, की ती हात आखडते. त्यात मोटर बसवणाऱ्यानं तिला भलतीच तापट करून ठेवलीय. अर्धा दोष तुमचा, अर्धा त्याचा."

तिने टाकी रिकामी करून धुतली, यंत्राचे योग्य तेल भरले, नळ्यांतील हवा काढली आणि मोटरची घाई कमी केली.

तेवढ्यात लझर येऊन टेपने यंत्र मोजू लागला. तिजानी आडवा आला.

"जित्या माणसाचं माप घेतात का कोणी?"

"शिंपी घेतो," लझर म्हणाला.

नजलाने बटण दाबले. काटा हळूहळू चढला आणि स्थिरावला. चळत सरळ उभी राहिली. चटयांच्या कडांवरून तेल ओघळू लागले. बशीर यांनी यंत्रावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"लझर, गाडी रिकामीच ने."

"रिकामी कशाला? घरून माझी जैतुनाची पोती भरून आणतो. पहिला नंबर माझा."

"शेवटचा," तिजानीने गंभीरपणे सांगितले, आणि तो पुढची चटई पसरू लागला.