कलाबाईची सूपभर बाजरी

प्रशिक्षणाला कलाबाई पहिल्या रांगेत बसायची आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. वर्गात मान डोलवणारी माणसं मला कधीच परवडली नाहीत. न कळलेलं विचारलं तर समजावता येतं. ही माणसं नुसती डोलतात आणि घरी जाऊन करायचं तेच करतात.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी महिला-बालविकास खात्याचे लोक मला सोडत नाहीत. नाशिकमध्ये प्रतिपालकांचं शिबिर असलं की बोलावणं येतंच. प्रतिपालक म्हणजे दत्तक घेणारे नव्हेत. ज्या मुलाला स्वतःच्या घरी ठेवणं सध्या धोक्याचं आहे ते आपल्या घरी सांभाळायचं, आणि बालकल्याण समिती सांगेल तेव्हा सांगेल तिथे पाठवायचं. एवढी साधी गोष्ट, पण ती समजावायला वरून स्लाइड्स येतात. ‘बालस्नेही वातावरणाची निर्मिती’, ‘भावनिक पुनर्स्थापना’. पहाटे झेंडू तोडून आलेल्या बाईला हे वाचून दाखवायचं, मग चहा, सामोसा, आणि फोटो. त्यातली एक स्लाइड आली की मी दरवेळी भांडते. ‘मुलाला त्याच्या भूतकाळाविषयी विचारू नये.’ ठीक आहे, विचारू नये. पण सांभाळणाऱ्यालाही कुणी काही सांगायचं नाही? तर नाही. कारण गोपनीयता.

कलाबाई मखमलाबादची. एकरभर झेंडू आणि शेवंती, फुलबाजारात रोजची जागा, आणि पुंजा नावाचा जेमतेम बोलणारा नवरा. अंगाने आडवी, आवाज बाजारात कमावलेला. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, “देवाला वाहायचीत ना? मग देवासंगं घासाघीस करा.” तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही पाळण्यातच गेली. हे तिने मला सामोसा खाता खाता सांगितलं, हवापाणी सांगावं तसं.

श्रावणात तिच्याकडे दिशा आली. इगतपुरीकडच्या एका पाड्यावरची, आठ वर्षांची. आई गेलेली, आणि बापाकडे तिला सध्या पाठवायचं नाही असं समितीने ठरवलेलं. कलाबाईला एवढंच सांगण्यात आलं की पोरीने हाल काढलेत, प्रेमाने वागवा.

दसऱ्याच्या आधी पाठपुराव्याची बैठक झाली. प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा होता. एक गृहस्थ म्हणाले, मुलगा भिंतीवर रेघोट्या ओढतो. एक बाई म्हणाली, रात्री अंथरूण ओलं करतो. मग कलाबाई उठली. तिची पोर म्हणे सगळ्यांच्या आधी उठते, अंगण झाडते, भांडी घासते, सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय ताटाला हात लावत नाही, आणि आजवर एकदाही उलटून बोललेली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ललित नावाचा तरुण कार्यकर्ता या घराच्या पाहणीवर होता, त्याने समाधानाने लिहून घेतलं: ‘मुलगी उत्तम रुळली आहे.’

माझं डोकं फिरलं. आठ वर्षांचं मूल परक्या घरात एवढं गुणी वागतं, यात टाळ्या कसल्या वाजवता? मी कलाबाईला बाजूला घेऊन विचारलं, ती आल्या दिवशी काय काय केलंत? तिला वाटलं मी कौतुकच करते आहे. तिने सगळं सांगितलं.

ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे एक रीत असते. मूल सुपात घालून शेजारणीच्या हाती द्यायचं, आणि धान्य देऊन तिच्याकडून ते विकत घ्यायचं. म्हणजे मुलं ओढून नेणाऱ्या सटवीला वाटतं, हे मूल या घरचं नव्हेच, आणि ती त्याचा नाद सोडते. आठ वर्षांची पोर सुपात मावणार कशी? म्हणून तिचे पाय सुपात ठेवून तिला उभी केली. शेजारच्या चंद्रभागेने विचारलं, काय देतीस? कलाबाई म्हणाली, सूपभर बाजरी. दिली? दिली. घेतली? घेतली. मग पोरीला नवा फ्रॉक आणि घरात सगळ्यांना शिरा.

ललितला मी रिक्षात घातलं आणि मखमलाबादला निघाले. कलाबाई पुढे बसने गेली होती. गंगापूर रोड संपेपर्यंत ललित गोपनीयता गोपनीयता करत होता. मी म्हटलं, बाळा, तुझ्या वयाच्या मुलांना मी नापास करत आले आहे, सांग. तेव्हा त्याने सांगितलं. दिशाच्या बापाने तिला लांबच्या एका घरी राबायला दिलं होतं, आणि बदल्यात एक दुभती शेळी घेतली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दिशा मोरीपाशी तवा घासत होती. मी शेजारी दगडावर बसले आणि तिच्या हातातली काथ्याची घासणी काढून घेतली. तिने घाबरून ती परत ओढली. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, “बाजरी फिटली का?”

“कुठली बाजरी?”

“माझी दिली ती. शेळी लय मोठी व्हती, ती फिटली नाय. बाजरी थोडी हाय ना?”

माझ्या मागे कलाबाई चहा घेऊन उभी होती. तिने विचारलं, शेळी कसली? मी सांगून टाकलं. ललित मॅडम, मॅडम करत राहिला. कलाबाईने चहा खाली ठेवला आणि त्याच्याकडेच वळली.

“तुमाला म्हाईत व्हतं? आन मला सांगितलं नाय? गाय इकत आणताना बी मानूस इचारतो, आधीच्या दावणीला काय झालं.”

ललितचं म्हणणं, त्याला हे सुपाचं प्रकरण कळवावं लागेल, आणि समिती मुलीला परत बालगृहात हलवेल. मी म्हटलं, काय कळवायचं ते कळव, पण आधी ही खरेदी पोरीच्या डोळ्यांसमोर मोडा. बाजरी परत घ्या.

कलाबाई म्हणाली, नाही. व्यवहार मोडला की पोर उघडी पडली, सटवी बघतच असते. मी चिडून अडाणीपणा वगैरे शब्द वापरले. ती माझ्याहून चिडली. “तुमची पोरं जगली, म्याडम. तुमाला बोलायला काय जातं?” मी आणखी जोरात बोलले.

आमचे आवाज चढलेले ऐकून दिशा घरात गेली. बाहेर आली ती कपड्यांची पिशवी काखोटीला मारून, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. रडणं नाही, काही नाही. एखाद्या घरातलं आपलं काम संपलं की माणूस उभं राहतं, तशी.

कलाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग सूप उचलून तरातरा चंद्रभागेच्या दारात गेली आणि म्हणाली, माझी बाजरी मला दे, पोर म्या घेतली नाय. चंद्रभागेने त्या बाजरीच्या भाकरी कधीच खाल्ल्या होत्या. तिने कणगीतली दुसरी ओतली आणि कुरकुरली, मग आता पोर माझी का गं? माझ्याच घरात चार हायती. कलाबाईने सूप इतक्या झटक्यात ओढलं की बाजरी अंगणभर सांडली.

“तुझी बी नाय,” ती म्हणाली.

“मंग कुनाची?” दिशाने विचारलं.

तोवर पुंजा गोठ्यातून आला होता आणि हात धूत होता. तो म्हणाला, “कुनाची नाय. पिशवी ठेव. भाकर खायला बस आमच्यासंगं.”

ती बसली. अर्धीच भाकरी खाल्ली, पण सगळ्यांबरोबर खाल्ली.

समितीपुढे मी तासभर घसा फोडला, तेव्हा कुठे दिशाला तिथेच ठेवायचं ठरलं, दर आठवड्याला पाहणी करायच्या अटीवर. प्रशिक्षणात मात्र काय बदल झाला? एक नवी स्लाइड आली, ‘अंधश्रद्धा टाळा’, आणि खाली लिंबू-मिरचीचं चित्र! मी साहेबांना म्हटलं, अहो, सूप वाईट नव्हतं. त्या बाईला शेळीचं माहीत असतं तर तिने सुपाला हातही लावला नसता. ते म्हणाले, मॅडम, ते धोरणात बसत नाही.

परवा दुपारी कलाबाईचा फोन आला. दिशाला ताप होता. डॉक्टरकडे नेलंत का? नेलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या, दोन दिवसांत उतरेल म्हणाले होते.

“चंद्रभागा म्हनती, अजून एकदा सुपात उभी कर.”

“मग?”

“म्या नाय म्हनलं. पोर ऐकत व्हती.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पन लय भ्या वाटतं हो, म्याडम.”

दोन-चार शहाणपणाची वाक्यं माझ्या जिभेवर आली होती, ती गिळली. येते म्हटलं, आणि दुप्पट भाडं मागणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडत मखमलाबादला निघाले.