मोटरवाल्याचा अडकणारा कॉम्प्युटर

अणदूरच्या स्टँडसमोर जळालेल्या मोटरींत तांब्याची तार नव्यानं भरून देणारे एक गृहस्थ आहेत. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात टेकतो, नाव मात्र कधी विचारलं नाही. आमच्या शाळेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी आणला आणि मदरबोर्डवरची जंपरची बारीक टोपी पुढच्या पिनेवर सरकवून प्रोसेसरचा वेग वाढवला. तेव्हापासून तो रोज एकदा अडकायचाच. पंखा बदलला, रॅम बदलली. मोटर तपासावी तसं बोटांच्या पाठीनं चाचपून ते म्हणायचे, "गरम तर न्हाय, सर!"

परवा कॉम्प्युटर अडकला आणि त्याच क्षणी वरचा बल्ब मंदावला. त्यांनी घड्याळ पाहिलं. शेतीपंपांची लाईन आली होती, शिवारातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या होत्या आणि व्होल्टेज पडलं होतं; वाढवलेल्या वेगाला ते पुरत नव्हतं. निम्म्या त्यांनीच भरलेल्या.

"आपल्याच मोटरी की ओ!" ते लई खूश झाले.

"मग वेग कमी करा आता," मी म्हणालो.

"कशाला? राहू द्या."

आज गेलो तर कॉम्प्युटर छान चालत होता आणि त्यांच्या कपाळाला आठी होती.

"लाईन येऊन दहा मिनिटं झाली, तरी ह्यो अडकला न्हाय. कुणाची तरी मोटर बसलीया, सर."

पान्यांची पिशवी उचलून ते शिवाराकडं निघालेसुद्धा.